डर्बनला जाऊन राहिलो आहोत, सासूबाई आणि मुलगी सोबत आहेत. तिथं काय पाहावं?

प्रतापनगरची:

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर या जूनमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन पळायला दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिले. वर्षभर पहाटे अंबाझरीला त्यांची तयारी चालू आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मी, सासूबाई आणि सहावीतली मुलगी असे आम्हीही निघालो.

एजंटनं डर्बनला फक्त मुक्कामापुरतं ठेवलं आहे. म्हणतो, तिथं बीच आणि स्टेडियम सोडलं तर काही नाही, सफारी आणि केपटाउनला दिवस द्या. सासूबाईंचं माहेर वर्ध्याचं. त्यांचे वडील सेवाग्रामला सूत कातायला जायचे, आश्रमातल्या गोष्टी त्या आजही सांगतात. डर्बनजवळ गांधीजींचा फिनिक्स आश्रम आहे हे कळल्यापासून त्या म्हणतात, मला वाघसिंह नको, तेवढं दाखवा. वाघ तर आपल्याकडे ताडोब्यात आहेतच.

मला विचारायचं ते असं. डर्बनला चार-सहा दिवस राहण्याइतकं काही आहे का? आम्ही तिघीही शाकाहारी, तर खाण्याचं कसं? आणि सुरक्षिततेचं काय? इंटरनेटवर अर्धे लोक म्हणतात जाऊच नका, अर्धे म्हणतात स्वर्ग आहे. आपल्या नागपुरातल्या, प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसानं सांगितलं तर बरं.

फुटाळ्याचा रनर:

वहिनी, भाऊंना खूप शुभेच्छा! मी पळून आलो आहे, म्हणून आधी शर्यतीच्या दिवसाचं सांगतो.

कॉम्रेड्स डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन गावांमध्ये होते, अंतर साधारण ८७ ते ९० किलोमीटर. दिशा बदलत राहते, कधी चढाची कधी उताराची. १९२१ पासून चालू आहे. सुरुवात पहाटे अंधारात होते, आणि बारा तास झाले की शेवटच्या रेषेवर एक जण पळणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो. त्यानंतर आलेल्याला पदक नाही, मग तो दोन पावलं मागे का असेना. ते दृश्य मुलीला नक्की दाखवा, अख्खं स्टेडियम ओरडत असतं.

मधे भेटायचं असेल तर हिलक्रेस्ट किंवा बोथाज हिलच्या बाजूला बसा. घरगुती खुर्च्या, शेगड्या घेऊन लोक सकाळपासून रस्त्याकडेला असतात, आजींना कोणीही खुर्ची देईल. पण रस्ते बंद होतात, गाडी आधीच पोचवून ठेवा. आणि पीटरमारित्झबर्गला जाणं झालंच तर रेल्वे स्टेशन पाहून घ्या. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं ते हेच स्टेशन. जूनच्या रात्री तिथं किती थंडी असते ते पहाटे रांगेत उभं राहिल्यावर मला कळलं.

डर्बन शहराचं मात्र मी फार पाहिलं नाही, पाय चालत नव्हते. जाणकार सांगतील.

निवृत्त शुगर केमिस्ट:

ताई, एजंटचं ऐकू नका. डर्बनला भरपूर वेळ द्या.

मी आयुष्यभर साखर कारखान्यांत केमिस्ट होतो, आता बजाजनगरला असतो. डर्बनच्या विद्यापीठाच्या आवारात शुगर मिलिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, १९४९ मध्ये सुरू झालेली. त्या निमित्तानं नोकरीच्या काळात गाळप हंगामात मी तिथं राहिलो. त्यामुळे डर्बन मी पाहिलं ते उसाच्या बाजूनं. माझं ठाम मत आहे की ते शहर पाहावं तर असंच पाहावं. तुमच्या सासूबाईंना जे गांधीजी पाहायचे आहेत ते तिथं घडले, ते उसाच्या मळ्यांमुळे.

नाताळ म्हणजे डर्बन ज्यात होतं ती इंग्रजांची वसाहत; तिच्या किनाऱ्यावर ऊस आला तो १८५० च्या आसपास. हवा दमट, थंडीत दव गोठत नाही, पाऊस पुरेसा. इंग्रज मळेवाल्यांना जमीन मिळाली, ऊस उगवला, पण तोडायला माणूस मिळेना. झुलू लोकांची स्वतःची शेती होती, गुरं होती, त्यांना मळ्यावर राबायची गरज नव्हती. मग हिंदुस्थानातून माणसं करारावर न्यायची टूम निघाली. १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून निघालेलं ‘ट्रुरो’ जहाज डर्बनला लागलं, त्यात ३४२ माणसं होती. दहा दिवसांनी कलकत्त्याचं ‘बेल्व्हेडियर’. १९११ पर्यंत अशी १,५२,१८४ माणसं गेली. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी मुलखातली. आपली कोकणातली माणसं याच पद्धतीनं मॉरिशसला गेली.

करार पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग, पुढं दर वर्षी एकेक शिलिंग वाढ. मी पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने पाहिले आहेत. मुकादम उचल देतो, टोळी बांधतो, आणि मग हंगामभर त्या माणसाला कुठं जायची सोय राहत नाही. नाताळात तर मळा सोडून परवानगीशिवाय बाहेर पडणं हा गुन्हाच होता. आणि पाच वर्षांनी सुटका झाल्यावर? १८९५ मध्ये कायदा केला: करार संपवून इथंच राहायचं असेल तर वर्षाला तीन पौंड कर भरा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, पहिल्या वर्षाच्या मजुरीनं सहा महिन्यांची कमाई. हेतू उघड होता, पुन्हा करारावर सही करा नाहीतर परत जा.

गांधीजी १८९३ च्या मे महिन्यात उतरले ते एका व्यापाऱ्याच्या दिवाणी दाव्यासाठी. पुढच्या वर्षी बालसुंदरम नावाचा तमिळ मजूर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मालकानं मारून त्याचे दात पाडले होते, तोंडातून रक्त येत होतं, आणि साहेबासमोर उभं राहायचं म्हणून फेटा काढून हातात धरला होता. त्यानंतर मजूर त्यांच्याकडे येत राहिले. तीन पौंडांच्या कराविरुद्ध १९१३ मध्ये संप झाला, तो न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत पेटला आणि उसाच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. माउंट एजकोंबच्या बाजूच्या मळ्यांवर गोळीबार होऊन मजूर मेले. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

एवढं मी लांबण लावून सांगितलं, कारण ते डोक्यात असलं की डर्बनमध्ये प्रत्येक ठिकाण बोलायला लागतं.

आता पाहायचं काय ते सांगतो. आधी बोटॅनिक गार्डन. १८४९ चं आहे, आफ्रिकेतल्या टिकून राहिलेल्या वनस्पती उद्यानांत सर्वांत जुनं. तिकीट नाही, बाकं भरपूर, सासूबाईंना सोयीचं. आज लोक तिथं सहलीला जातात, पण ते मुळात उभं राहिलं वसाहतीत कोणतं पीक येईल हे लावून पाहायला, आणि त्या पिकांत ऊसही होता. तिथलं एक झाड मुलीला दाखवा. वुड्स सायकॅड नावाचं, ताडासारखं दिसतं. १८९५ मध्ये ओन्गोये जंगलात त्याचं एकच झाड सापडलं, नर. मादी आजवर कुठंही मिळालेली नाही. जगभरात जेवढी आहेत ती त्याच झाडाच्या फुटव्यांपासून वाढवलेली.

मग १८६० हेरिटेज सेंटर, डर्बी स्ट्रीटवर. गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या त्या मजुरांचं संग्रहालय. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला नंबर होता, आणि नोंदवहीत त्याचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण लिहिलेली असे. आज तिथली चौथी-पाचवी पिढी त्या नोंदींवरून आपलं गाव शोधते. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारा एक तेलुगू घरातला सहकारी पणजोबांचा नंबर पाठ म्हणून दाखवायचा. भारतात तो कधी आलेला नव्हता.

तिसरं ठिकाण माउंट एजकोंबचं गणपती मंदिर. त्याबद्दल वेगळं लिहीन, नातवाला शाळेतून आणायची वेळ झाली.

प्रतापनगरची:

काका, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. बालसुंदरमपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. केपटाउन रद्द करून राहिलो आहोत, ठरलं.

अजून थोडं विचारते. त्यांना फार चालवत नाही, पायऱ्या तर नाहीच. आणि आता ऊस दिसतो का तिथं, की सगळं शहरच झालं? मुलीला शार्क पाहायचे आहेत. खाण्याचं कोणी सांगेल का?

धंतोलीकर मावशी:

खाण्याचं मी सांगते. माझी मुलगी तिथं नोकरीला होती, मी तिच्याकडे राहून आले.

शाकाहाराची काळजी अजिबात करू नकोस. डर्बनमध्ये तीन-चार पिढ्यांची तमिळ, गुजराती, हिंदी घरं आहेत, आणि कोथिंबिरीला दुकानात सगळेच ‘धनिया’ म्हणतात. बनी चाव खा. पावाचा चौकोनी लोफ कापून आतला मऊ भाग काढतात आणि पोकळीत रस्सा भरतात. मटणाचा प्रसिद्ध आहे, पण बीन्सचा मागायचा. ‘क्वार्टर बीन्स’ म्हटलं की पाव लोफ येतो, एका बाईला पुरतो. आतले ठिपक्यांचे बीन्स तिथं शुगर बीन्स म्हणून मिळतात. तिखट म्हणशील तर आपल्या तर्रीच्या जवळ जातं, फक्त मसाल्याचा वास वेगळा, आपला काळा मसाला नाही. हातानंच खायचं, कापून काढलेल्या पावानं. सासूबाईंना पाव चालत नसेल तर रोटीत भरलेलीही मिळते.

बाजार पाहायचा तर वॉरविकचा अर्ली मॉर्निंग मार्केट. १९१० पासून आहे. करार संपलेल्या लोकांनी भाड्यानं तुकडे घेऊन भाजीपाला लावला, तो विकायला ते बसायचे. मी गेले तर वांगी, दोडके, कढीपत्ता, अळकुड्या, सगळं ओळखीचं. अळकुड्यांना तिथं मदुंबी म्हणतात. २००९ मध्ये फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी तिथं मॉल करायचा घाट होता, पण झुलू आणि भारतीय विक्रेते मिळून लढले आणि बाजार वाचला. एकटीनं जाऊ नकोस, गर्दी फार आणि खिसेकापू असतात. तिथल्या विक्रेत्यांसोबत काम करणारी असिये इताफुलेनी नावाची संस्था माणूस सोबत देऊन फिरवते, तशीच जा. सोन्याचं काही अंगावर नको, फोन पर्समध्ये.

सुरक्षेचं मी एवढंच सांगेन: दिवसा समुद्राकाठचा लांबलचक पादचारी रस्ता बायकामुलांनी भरलेला असतो, तिथं बिनधास्त फिर. तो सपाट आहे, सासूबाईंना चालेल. अंधार पडला की शहराच्या मध्यभागात पायी फिरायचं नाही, हॉटेलपासून अॅपवरची टॅक्सी. मी तेवढं पाळलं आणि मला काही त्रास झाला नाही.

पोहायचं असेल तर त्या दिवशी बीच उघडा आहे का ते महापालिकेच्या सूचनेत पाहा. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथं भयंकर पूर आला, चारशेहून जास्त माणसं गेली, सांडपाण्याच्या वाहिन्या फुटल्या आणि पुढं बरेच दिवस किनारे बंद ठेवावे लागले. पाणी जूनमध्येही कोमट असतं, अगुल्हास नावाचा गरम प्रवाह खाली येतो ना तिथून.

शार्कसाठी उमश्लांगाला शार्क्स बोर्ड आहे. किनाऱ्याला जाळी लावून शार्कपासून राखण करतात ते लोक. मेलेला शार्क कापून आतलं दाखवतात, मुलगी घाबरट नसेल तर ने. कोणत्या दिवशी असतं ते फोन करून विचार. जिवंत पाहायचे तर समुद्राकाठीच उशाका मरीन वर्ल्ड आहे.

निवृत्त शुगर केमिस्ट:

मावशींनी बाजाराचं उत्तम सांगितलं. राहिलेलं लिहितो.

ताई, ऊस दिसतो का विचारलंत. विमानतळावर उतरतानाच दिसेल. किंग शाका विमानतळ शहराच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर, ला मर्सीला, उसाच्या पट्ट्यातच बांधला आहे. तिथला ऊस आपल्यासारखा सपाट पाटपाण्याच्या रानात नसतो, टेकड्यांच्या उतारावर असतो, बहुतेक पावसावरच. उभा ऊस पेटवून पाचट जाळतात आणि मग तोडतात. गाळप साधारण एप्रिल ते डिसेंबर, म्हणजे जूनमध्ये तुम्हाला धूर दिसेल. वारा शहराकडे असला की काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.

गणपती मंदिर माउंट एजकोंबला, उमश्लांगाच्या शेजारीच. म्हणजे शार्क आणि मंदिर एका फेरीत होतील. किस्टप्पा रेड्डी यांनी १८९८ मध्ये बांधलं. मळ्याच्या आणि साखर गिरणीच्या अंगणातलं मंदिर आहे हे, बुटकं, रंगीत, जाडजूड भिंतींचं. गिरणी आता बंद आहे, आजूबाजूला मॉल, कचेऱ्या आणि गोल्फची मैदानं झाली. मंदिर मात्र चालू आहे. टेकडी गणपतीला जाणाऱ्या माणसानं इथं हात जोडताना लक्षात घ्यावं की दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांनी ते उभं राहू दिलं, टिकवलं.

त्याच माउंट एजकोंबला ऊस संशोधन केंद्र आहे, १९२५ पासून. केमिस्ट म्हणून मला तिथली एक गोष्ट फार भावते. आपल्या कोइंबतूरला संकर करून बी तिथं पाठवलं, त्यातून त्यांनी एक वाण निवडला आणि १९४५ मध्ये सोडला: एनसीओ ३१०. एन म्हणजे नाताळ, सीओ म्हणजे कोइंबतूर. पुढं तो कितीतरी देशांत लागला. शेतात काम करणारी माणसं मद्रासेहून नेली आणि शेवटी ऊसही तिथलाच पेरला. प्रयोगशाळेत ती वंशावळ मी फळ्यावर पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्यासमोरून हललो नाही.

बंदराजवळ मेडन व्हार्फला साखरेची प्रचंड कोठारं आहेत, पाच लाख टनांहून जास्त साखर मावते. आत सोडतात का हे आधी विचारा. नाही सोडलं तरी बाहेरून त्यांची उतरती छपरं दिसतात.

आता फिनिक्स. शहरापासून वीसेक किलोमीटर, इनांडा भागात. १९०४ मध्ये गांधीजींनी शंभर एकर जमीन एक हजार पौंडाला घेतली, चहूबाजूला ऊसच. छापखाना तिथं हलवला, ‘इंडियन ओपिनियन’ तिथून निघायचं. १९८५ च्या दंगलीत त्यांचं ‘सर्वोदय’ घर जळालं. आज जे आहे ते पुन्हा बांधलेलं, २००० मध्ये उघडलेलं. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, त्या सेवाग्रामची कुटी डोळ्यांसमोर ठेवून येतील. तिथली मूळ माती, मूळ भिंती त्यांना इथं सापडणार नाहीत. पत्र्याचं छोटं घर, सभोवती दाट वस्ती. पण आश्रम म्हणून एकत्र राबायचं, एकत्र जेवायचं, हा प्रयोग पहिल्यांदा इथं झाला. मग टॉलस्टॉय फार्म, साबरमती आणि शेवटी त्यांच्या माहेराजवळचं सेवाग्राम. जमीन बरीचशी सपाट आहे, गाडी जवळपर्यंत जाते.

तिथून पुढं थोड्याच अंतरावर ओह्लांगे शाळा आहे, ती सोडू नका. जॉन दुबे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली, म्हणजे गांधीजींचा आणि त्यांचा आश्रम-शाळेचा काळ एकच, शेजारही एकच. दुबे १९१२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९४ ला मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत टाकलं, आणि त्यानंतर दुबे यांच्या समाधीपाशी गेले. इनांडाला स्वतःच्या गाडीनं भटकत जाऊ नका. शहरातून माहीतगार चालक-गाइड घ्या, सकाळी निघा, दुपारी परत.

किरकोळ गोष्टी. जूनमध्ये दिवसा बावीस-तेवीस अंश, पाऊस जवळजवळ नाही. आपला नवतपा संपवून जाल, तर सासूबाईंना संध्याकाळी स्वेटर लागेल. घड्याळ साडेतीन तास मागे. गाड्या डावीकडूनच. आपल्या गीझरची मोठी तीन पिनांची प्लग असते ना, सोळा अँपियरची, तीच तिथल्या भिंतीत बसते. तसा एक एक्स्टेंशन बोर्ड सोबत न्या, सगळ्यांचे फोन चार्ज होतील. मुलीच्या व्हिसासाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा, त्यात नावात फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. आणि विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून बदलणार असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियम तिकीट काढायच्या आधी पाहून घ्या. आखातातून गेलात तर तो प्रश्न येत नाही.

प्रतापनगरची:

काका, जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे! उद्याच महापालिकेच्या झोन ऑफिसला जाते. तिकीट दोहा किंवा दुबईवरूनच पाहतो. आणि सासूबाई विचारून राहिल्या, ओह्लांगेला दुबे यांच्या समाधीवर सुताचा हार ठेवला तर चालेल का? त्यांनी आजपासून चरखा माळ्यावरून काढायला सांगितला आहे.

निवृत्त शुगर केमिस्ट:

चालेल. तिथल्या माणसाला आधी विचारा, पण कोणी नाही म्हणणार नाही. दोन हार करा म्हणावं, एक फिनिक्सला लागेल.